निकाल लागल्यावर भाव बदलणाऱ्यांना आवरा
ग्रेट ब्रिटनच्या गॅम्बलिंग कमिशनला खुले पत्र

गॅम्बलिंग कमिशन, बर्मिंगहॅम यांस,

वैयक्तिक वादात आम्ही पडत नाही, कंपनीला आठ आठवडे द्या, मग लवादाकडे जा, असे आपण कळवलेत. ते सगळे करून झाले. म्हणून आता चारचौघांत विचारतो.

पैज २० पौंडांची, भाव ९/१. अ‍ॅपने ती स्वीकारली, हिरवी खूण आली, पैजेचा क्रमांक मिळाला. सामना संपल्यावर खात्यात २०० पौंड जमा झाले. सकाळी पाहतो तर २२ पौंड २२ पेन्स! खुलासा एका ओळीचा: भाव खरा १/९, आकडे उलटे पडले, ही ‘उघड चूक’ आहे. एवढी उघड चूक सामना संपेपर्यंत कंपनीत एकालाही कशी दिसली नाही?

अडीच पौंडही सुटणार नसतील, तर त्यासाठी २० पौंड मी लावलेच नसते. भाव ९/१ दिसला म्हणून लावले. हरलो असतो तर २० चे २० गेले असते, आणि चुकीच्या भावाबद्दल कोणी चकार शब्द काढला नसता. धोका सगळा माझा आणि चूक सुधारायचा हक्क फक्त त्यांचा, हा कुठला न्याय?

२००५च्या जुगार कायद्याने १ सप्टेंबर २००७पासून पैजेचे पैसे कोर्टात मागता येतात. बेटफ्रेडने सॉफ्टवेअरच्या बिघाडाचे कारण देऊन एका ग्राहकाचे १७ लाख पौंड अडवले होते. २०२१मध्ये हायकोर्टाने ते त्याला मिळवून दिले, पण तोवर तीन वर्षे गेली होती. १७८ पौंडांसाठी कोर्टाची पायरी कोण चढेल? कंपन्या याच हिशेबावर निर्धास्त आहेत आणि आपण त्यांना तसे राहू देता.

न्यू जर्सीत २०१८मध्ये फॅनड्युएलने ११० डॉलरच्या पैजेवर असाच भाव चुकवला. रक्कम ८२,६१० डॉलर झाली. आधी नकार दिला, बोभाटा झाल्यावर पूर्ण पैसे दिले. तिथे नियामकाच्या संमतीशिवाय कंपनीला पैज परस्पर रद्द करता येत नाही. इथे परवाना आपण देता, मग ही अट आपण का घालत नाही?

चूक सुधारायची तर सामना सुरू होण्याआधी, ग्राहकाला कळवून आणि पैसे परत घ्यायची मुभा देऊन. त्यानंतर लागलेला भाव कंपनीने पाळलाच पाहिजे. हे परवान्याच्या अटींत कधी लिहिणार, त्याची तारीख कळवा. लवादाचा पत्ता पुन्हा पाठवू नका.

एक ग्राहक,
लेस्टर