गाडीतला पिवळा दिवा

मैत्रिणींनो, गेल्या महिन्यातली गोष्ट. नागपूरला भाचीचं लग्न होतं. समृद्धी महामार्गाने जायचं, म्हणून यांनी दोन दिवस आधी गाडी टायरवाल्याकडे नेली. पुढचे टायर लवकर झिजतात, म्हणून दर दहाएक हजार किलोमीटरला पुढची चाकं मागे आणि मागची पुढे करून घ्यावीत, एवढं मलाही ठाऊक होतं. चाकं बदलली, हवा भरली, गाडी दारात आली.

निघायच्या सकाळी डबे ठेवले, सासूबाई मागे बसल्या, आणि हर्सूलच्या अलीकडेच समोर पिवळा दिवा लागला. पातेलं मधोमध कापावं तसा आकार आणि आत उद्गारचिन्ह. पडद्यावर आकडे आले: मागचं डावं चाक २४, बाकी तिन्ही ३३. पंपावर थांबलो. पोऱ्याने मागच्या डाव्या चाकाला मीटर लावला, तर हवा बरोब्बर ३३!

"सेन्सर बिघडलाय साहेब. चाकं बदलली की असं होतंच," तो म्हणाला. हेही म्हणाले, "चला, उशीर होतोय."

मला काही ते पटेना. मी शाळेत अर्धवेळ शिकवते. टेबलावर बाकांचा तक्ता असतो, मुलं आपसांत जागा बदलतात आणि मी तक्ता बघून भलत्यालाच रागावते! इथंही तसंच झालं नसेल कशावरून? आमच्या गाडीचा सेन्सर चाकाच्या आत, व्हॉल्व्हला जोडलेला आहे. चाक हललं की तोही बरोबर जातो. गाडीच्या हजेरीपटात मात्र तो अजून जुन्याच बाकावर. मी म्हटलं, "अहो, पुढचं डावं चाक बघायला सांगा ना."

मीटर लावला. २४! टायरमध्ये बारीक खिळा रुतलेला.

समृद्धीवर १२० चा वेग. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकतो, वाकून तापतो आणि तापून फुटतो. त्यातून पुढचं चाक! पंक्चर काढायला पाऊण तास गेला. सासूबाई गाडीत बसून निवांत धपाटे खात होत्या. त्यांना आम्ही काहीच सांगितलं नाही.

तेव्हा दिवा लागला की आधी चारही चाकं मीटरने तपासून घ्यायची, पडद्यावर दिसतं तेवढंच नाही. हवा किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर छापलेलं असतं. तो आकडा थंड टायरचा. गाडी पळून आली की हवा दोन-चारने जास्त दिसते, ती काढून टाकू नका. उलट थंडीतल्या पहाटे दिवा लागला तर दचकू नका. दहा अंशांनी गारठा वाढला की साधारण दीड-दोन पौंड हवा उतरते.

दिवा स्थिर असेल तर हवा कमी. गाडी सुरू केल्यावर मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला, तर गाडीला सेन्सरच सापडत नाही. सेन्सर नसलेली स्टेपनी लावली की असं होतं, किंवा त्याची बॅटरी संपलेली असते. ती पाच ते दहा वर्षं चालते. बहुधा नुसती बॅटरी बदलता येत नाही, अख्खा सेन्सर घ्यावा लागतो. म्हणून टायर उतरवताना टायरवाल्याला आधीच सांगा, "व्हॉल्व्हजवळ सेन्सर आहे, पाना जपून घाला."

काही गाड्यांत चाकात सेन्सर नसतोच. हवा कमी झालेलं चाक जरा जास्त वेगाने फिरतं, त्यावरून गाडी ओळखते. तिथं चाकं बदलल्यावर हवा नीट भरून मग रीसेटचं बटण दाबायचं. हवा न बघता दाबलंत, तर कमी हवाच तिला बरोबर वाटेल. आमच्यासारख्या काही गाड्या थोडं चालवल्यावर नवी जागा आपोआप शिकतात. आमची शिकली नाही. परत आल्यावर सर्व्हिस सेंटरमध्ये यंत्र लावून जागा नोंदवून घेतल्या.

आणखी एक. २०२० च्या नियमाप्रमाणे ट्यूबलेस टायर, पंक्चरचं किट आणि हवेवर लक्ष ठेवणारी ही सोय असलेल्या गाडीत स्टेपनी नसली तरी चालते. नवी गाडी घेताना रंग ठरवण्याआधी डिकी उघडून बघा.