नाव आपले, पाटी कुणाची?

गेल्या पर्यटन हंगामात मंडळाच्या कामानिमित्त आम्ही पत्रादेवीपासून केरीपर्यंत आणि परतताना डिचोली, साखळी, मये असे फिरलो. चहापाणी, जेवण आणि एका रात्रीचा मुक्काम, सगळे आपल्याच माणसांकडे केले. जिथे जिथे गेलो तिथले कार्ड, दरपत्रक आणि बिलाचा कागद मागून घेतला आणि घरी आल्यावर सगळे जेवणाच्या टेबलावर पसरले. तो पसारा पाहून जे वाटले ते वाचकांपुढे मांडत आहोत. कुणाला बोचले तर क्षमा असावी, कारण बोचणारे बरेच आहे.

एका खानावळीच्या पाटीवर देवीचे नाव होते, बिलावर मालकाचे आडनाव, आणि कार्डावर इंग्रजीत मुलीचे नाव. तिन्ही एकाच चुलीची. तिथले हुमण आणि सोलकढी इतकी उत्तम की आमच्याबरोबरचे बेळगावचे पाहुणे म्हणाले, "मेहुण्याला सांगतो, पुढच्या महिन्यात तो येणार आहे." पण सांगणार काय? कोणते नाव? मालकाला विचारले तर ते हसून म्हणाले, "अहो, कोणालाही विचारा, सगळे ओळखतात." खरे आहे, गावात सगळे ओळखतात. पण बेळगावचा मेहुणा गावातला नाही, आणि रात्री आठ वाजता तिठ्यावर विचारायला कोणी असतेच असे नाही.

दुसऱ्या एका ठिकाणी मेनूकार्ड यंत्राकडून इंग्रजीत उतरवून घेतले होते. तिसऱ्यांचे सुके त्यात 'थर्ड ड्राय' झाले होते. शेजारच्या टेबलावरचे रशियन जोडपे तो शब्द बोटाने दाखवून पोऱ्याला काहीतरी विचारत होते आणि पोऱ्या मान डोलवत होता. शेवटी त्यांनी ऑम्लेट मागवले. हसू आले, पण त्या दिवशी सकाळी खाजनातून काढून आणलेल्या तिसऱ्या तशाच राहिल्या, हेही दिसले.

आता कोणी म्हणेल, मंडळाच्या पत्रकात हा खानावळीचा विषय कशाला? भाषा, नोकऱ्या, जमिनी हे आमचे विषय. आम्ही म्हणतो, हाच तो विषय आहे. २०१२ साली खाणी बंद पडल्या आणि २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा बंद पडल्या, तेव्हा डिचोली तालुक्यातील किती घरांतले ट्रक विकले गेले हे आपल्याला सांगायला नको. लिलावानंतर काही ठिकाणी काम पुन्हा सुरू झाले आहे, पण मधल्या वर्षांत अनेक घरांनी दुसरी वाट धरली. कोणी पुढच्या पडवीत चहा-भजी सुरू केली, कोणी माडीवरच्या दोन खोल्या पाहुण्यांना दिल्या. तिकडे पेडण्यात मोपाच्या पठारावर ११ डिसेंबर २०२२ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उतरू लागली. माणसे पेडण्यात उतरतात आणि गाडीत बसून पेडणे सोडतात. वाटेत त्यांना थांबवील असे आपण काय उभे केले आहे?

जे उभे आहे त्यातले बरेच आपल्या नावाने नाही. हरमल, मांद्रे, मोरजी, आश्वे या पट्ट्यात जुनी घरे हंगामापुरती बाहेरच्या माणसाला द्यायची, त्याने तिथे 'पॅराडाइज', 'सनसेट' असे काहीतरी लावायचे आणि आपण मागच्या खोलीत राहायचे, हा प्रकार आता नवा राहिलेला नाही. ठरलेले भाडे हातात येते, कटकट नाही, हे आम्हाला कळते. पण पाच वर्षांनी ओळख कुणाची होते? पाहुणा पुढच्या वर्षी 'सनसेट'ला येतो, तुमच्या घरी नव्हे. भाडेकरूने शेजारचे घर घेतले की तो पाहुणाही भिंतीपलीकडे जातो.

आणि जे स्वतः चालवतात, त्यांच्या खोल्यांची नावे संगणकावरच्या संकेतस्थळांच्या हाती. ही संस्थळे साधारणपणे १५ ते २० टक्के, कधी त्याहूनही अधिक दलाली घेतात. दोन हजारांच्या खोलीमागे तीनशे-चारशे गेले. पहिल्यांदा येणारा पाहुणा त्यांच्यामार्फत आला तर ती दलाली आम्ही रास्त समजू, कारण त्यांनीच त्याला आणला. पण तोच पाहुणा दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदाही त्यांच्याच मार्फत येतो, कारण निघताना आपण त्याच्या हातात आपल्या नावाचा एक कागदसुद्धा ठेवलेला नसतो. या कागदाची किंमत किती? एक हजार कार्डे छापायला आठ-दहा मत्स्यथाळ्यांचे पैसे पुरतात.

छपाईचे गणित थोडे समजून घेतले पाहिजे, म्हणजे फसगत होत नाही. ऑफसेटवर छापताना प्लेट करण्याचा खर्च एकदाच येतो, मग शंभर छापा की हजार. म्हणून शंभर कार्डांचा आणि हजार कार्डांचा खर्च फारसा वेगळा पडत नाही. उलट पन्नास-शंभर मेनूकार्डे हवी असतील, आणि माशांचे दर दर महिन्याला बदलणार असतील, तर डिजिटल छपाई स्वस्त. कार्डे स्वस्त पडतात त्याचे दुसरे कारण असे की छापखानेवाले एकाच मोठ्या कागदावर वीस-पंचवीस जणांची कार्डे एकत्र छापतात. त्यामुळे तुमचा हिरवा रंग या वेळी पोपटी आणि पुढच्या वेळी शेवाळी येऊ शकतो. यावर उपाय सोपा आहे. फिकट छटा आणि सूर्यास्ताचे फोटो टाळा, एक ठळक रंग आणि काळी अक्षरे ठेवा, आणि नव्या छपाईच्या वेळी जुने कार्ड नमुना म्हणून समोर ठेवा.

याहून महत्त्वाची गोष्ट फाइलची. आमच्या माहितीतल्या एका घराने दहा वर्षांपूर्वी फार सुंदर चिन्ह करून घेतले होते, समईचे. पुढे ते करणाऱ्या मुलाने दुकान बंद केले, फाइल त्याच्या जुन्या संगणकात राहिली आणि अक्षरे ज्या फॉन्टमधली होती तो आजच्या यंत्रांवर उघडेना. नव्या ठिकाणी कार्डाचा फोटो काढून त्यावरून पुन्हा उतरवले, तर समईची झाली मेणबत्ती. म्हणून पैसे देतानाच कोरलड्रॉची मूळ फाइल आणि पीडीएफ दोन्ही मागून घ्या, अक्षरांचे 'कर्व्ह' करून घ्या म्हणजे फॉन्ट नसला तरी बिघडत नाही, आणि ती घरातल्या दोन माणसांच्या ईमेलवर ठेवा. चिन्ह तुमचे आहे, छापखान्याचे नाही.

बिलबुकाकडे तर कोणी पाहतच नाही. अन्नसुरक्षा नोंदणीचा १४ आकडी क्रमांक बिलावर असणे १ जानेवारी २०२२ पासून बंधनकारक आहे. म्हणजे बिल छापायचेच आहे. मग त्याच कागदावर तेच नाव, तेच चिन्ह आणि दूरध्वनी क्रमांक घालायला वेगळे पैसे पडत नाहीत. पाहुणा कार्ड टाकून देईल, पण कचेरीत पैसे मिळवण्यासाठी बिल जपून नेतो.

पाटीचेही तेच. फ्लेक्स स्वस्त म्हणून सगळे फ्लेक्सकडे वळले. १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिकच्या फलकांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे, ही गोष्ट अजून अनेकांच्या कानी गेलेली दिसत नाही. बंदी बाजूला ठेवली तरी आपल्या दोन पावसाळ्यांत फ्लेक्सचा लाल गुलाबी होतो आणि चिंध्या लोंबतात. पत्र्यावर एनॅमलने रंगवलेली पाटी अधिक टिकते. आणि जत्रेच्या नाटकांचे पडदे रंगवणारे हात आपल्या गावांत अजून आहेत. त्यांना वर्षातून दोन महिने काम आणि दहा महिने वाट पाहणे. त्यांच्याकडून पाटी रंगवून घेतली तर गावातले पैसे गावात राहतील.

नाटकाचा विषय निघाला म्हणून आठवले. जाहिरात हा आपला प्रांत नव्हे असे म्हणणाऱ्यांनी आपल्या जत्रांच्या नाटकांची हस्तपत्रिका आठवावी. वर देवस्थानाचे नाव, मग नाटकाचे, मग पात्रपरिचय, तिथी आणि वेळ. पिढ्यान्‌पिढ्या त्याच क्रमाने, त्याच ठेवणीत. कागद गुलाबी दिसला की दुरूनच कळायचे की कुणाच्या जत्रेचा आहे. आणि मुळात छपाई हिंदुस्थानात आली तीच आपल्या भूमीत, १५५६ साली, जुन्या गोव्यातल्या सेंट पॉल कॉलेजात. पुढे १६१६ साली रायतूरला फादर स्टीफन्सचे मराठी क्रिस्तपुराण छापले गेले ते रोमन लिपीत, कारण देवनागरीचे खिळे नव्हते. चारशे वर्षांनी आज खिळे नकोत, टाईप नकोत, फोनवर बोट फिरवले की देवनागरी उमटते. आणि तरीही आपल्या खानावळीच्या कार्डावर एक अक्षर मराठी नाही! १९८७ च्या राजभाषा कायद्यात मराठीला जी जागा मिळाली ती अपुरी आहे असे आम्ही सतत म्हणतो आणि म्हणत राहू. पण स्वतःच्या दारावरच्या पाटीला कोणता कायदा आडवा येतो? कोल्हापूर, बेळगाव, सावंतवाडीहून गाडी काढून देवदर्शनाला येणारा माणूस मराठी वाचतो. त्याला मराठी मेनू द्या, परदेशी पाहुण्याला इंग्रजी द्या. एकाच कार्डाच्या दोन बाजू असतात.

फोनच्या जमान्यात कागद कशाला, असा तरुणांचा प्रश्न असतो. प्रश्न चुकीचा नाही. नकाशावर नाव नोंदवा, फोटो टाका, जरूर करा. पण नकाशावरचे नाव, पाटीवरचे नाव आणि कार्डावरचे नाव एकच असेल आणि एकाच पद्धतीने लिहिलेले असेल तरच त्याचा उपयोग. 'पेडणे'चे इंग्रजीत आधीच 'पर्नेम' आणि 'डिचोली'चे 'बिचोलिम' झालेले आहे. त्यात आपण आपल्या घराच्या नावाची तीन स्पेलिंगे केली तर शोधणारा शोधणार कसा? शिवाय कागद घरात राहतो. मालवणच्या जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली 'कालनिर्णय' काढले आणि ते भिंतीवर टांगले गेले ते आजतागायत. त्याचा चेहरा दर वर्षी बदलला असता तर ते इतके घरचे झाले असते काय?

मालवणचे नाव निघालेच आहे तर सांगतो. हद्दीपलीकडच्यांनी 'मालवणी' हा एकच शब्द धरला आणि तो मुंबईपर्यंत नेला. पेडण्याचे जेवण त्याचे सख्खे भावंड. हरमलच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण हरमलच्याच किती मेनूकार्डांवर त्या मिरचीचे नाव आहे? आम्हाला एकाही कार्डावर दिसले नाही.

डिचोलीत तर देवच आपल्याकडे पाहुणे पाठवतात. नार्व्याचे श्रीसप्तकोटेश्वर, ज्याचा जीर्णोद्धार छत्रपतींनी १६६८ साली केला आणि जे नूतनीकरणानंतर २०२३ साली पुन्हा खुले झाले, तिथे येणारा भाविक दर्शन घेऊन जेवायला कुठे जातो? हरवळ्याचा धबधबा, रुद्रेश्वर, मयेचे तळे, डिचोलीतला नव्याचा सोमवार, हे सगळे तासाभराच्या अंतरात. एका कागदाच्या तीन घड्या करून एका बाजूला या ठिकाणांचा नकाशा आणि दुसऱ्या बाजूला सहा-सात घरांची नावे, जेवणाच्या वेळा व दूरध्वनी छापले तर प्रत्येकाच्या वाट्याला खर्च अगदी थोडा येतो. अडचण पैशांची नाही. अडचण ही की शेजाऱ्याचे नाव आपल्या नावाशेजारी छापायला आपण तयार नाही. नाव वर कुणाचे आणि खाली कुणाचे यावरून असा एक कागद आमच्या डोळ्यांदेखत बारगळला आहे. शेवटी आम्ही सुचवले, गाव ज्या क्रमाने रस्त्यावर लागतात त्या क्रमाने नावे घाला. तेव्हा रस्ता कोणत्या टोकापासून धरायचा यावर वाद झाला!

पर्यटन खात्याने मराठीतही पत्रके काढावीत ही मागणी आम्ही करणारच आहोत, पंचायतींनी तिठ्यांवर दिशादर्शक फलक लावावेत यासाठीही पाठपुरावा करू. पण तोवर थांबण्याचे कारण नाही. मंडळाच्या पुढच्या बैठकीनंतर तासभर याच कामासाठी ठेवला आहे. छपाईतले दोन जाणकार येतील. ज्यांची खानावळ, खोल्या किंवा चहाचे दुकान आहे त्यांनी येताना आपले कार्ड, बिलबुक, मेनू आणि पाटीचा फोटो, जसे असेल तसे, घेऊन यावे. त्रिपदरी कागदासाठी डिचोली आणि पेडणे यांची वेगळी नोंदणी करू. नावांचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरेल.