चोचीवरची ओळख

शिकारी माणूस एके दिवशी बंदूक खाली ठेवतो आणि पुढे जन्मभर प्राण्यांचा रक्षक होतो, ही कथा आपल्याला फार भावते. वाल्याचा वाल्मीकी झालेला ऐकत वाढलेल्या मनाला तिच्यात काही तपासून पाहावंसं वाटत नाही. पश्चात्ताप झाला, माणूस बदलला, एवढं पुरतं. ब्रिटिश चित्रकार आणि पक्षिमित्र सर पीटर स्कॉट यांचं आयुष्य बहुतेक वेळा याच साच्यात सांगितलं जातं. २९ ऑगस्ट १९८९ रोजी, ऐंशी पूर्ण व्हायला पंधरा-सोळा दिवस उरले असताना, ते गेले. त्यांची आठवण निघते ती डब्ल्यूडब्ल्यूएफ या संस्थेचे एक संस्थापक म्हणून, तिच्या पांडाच्या बोधचिन्हासाठी, आणि बंदूक सोडलेला शिकारी म्हणून. चित्रकार ही ओळख शेवटी येते, एखादा छंद सांगावा तशी. हा क्रम उलटा लावायला हवा, असं मला ठामपणे वाटतं. स्कॉट घडले ते रेखाटण्याच्या सवयीमुळे. पश्चात्तापाचा वाटा त्यात थोडा आहे. हे लक्षात घेतलं नाही तर त्यांच्या आयुष्यातून आपण भलताच धडा उचलू.

अंटार्क्टिकाच्या बर्फात १९१२ साली मरण पावलेले कॅप्टन रॉबर्ट स्कॉट यांचा हा एकुलता एक मुलगा. वडील गेले तेव्हा पोर अडीच वर्षांचं होतं. मुलाला निसर्गाची गोडी लाव, असं वडिलांनी पत्नीला शेवटच्या पत्रात लिहून ठेवलं होतं. आई कॅथलीन स्वतः शिल्पकार. केंब्रिजमध्ये पीटर यांनी सुरुवात निसर्गविज्ञानानं केली आणि पदवी घेतली कलेच्या इतिहासात. मग म्युनिक आणि लंडनच्या रॉयल अकादमीत चित्रकलेचं शिक्षण झालं. पण डोळा तयार झाला तो इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, ‘वॉश’ नावाच्या मोठ्या उथळ खाडीतल्या चिखलात. हिवाळ्यात तिथे उत्तरेकडून कलहंसांचे आणि बदकांचे थवे उतरतात. तरुण स्कॉट सपाट होडीत पालथे पडून, होडीच्या नाळेवर बसवलेली लांबलचक बंदूक घेऊन, त्या थव्यांकडे सरकत जात. एका बारात अनेक पक्षी पाडणारी ही शिकार. १९३३ पासून ते सटन ब्रिजजवळच्या एका जुन्या दीपगृहात राहू लागले, आणि त्याच वर्षी लंडनच्या ॲकरमन गॅलरीत त्यांचं प्रदर्शन भरलं. १९३६ च्या ऑलिंपिकमध्ये एकट्यानं चालवायच्या शिडाच्या होडीच्या शर्यतीत त्यांना कांस्यपदक मिळालं. वारा, भरती-ओहोटी, ढग आणि पक्षी यांच्यात अखंड रमलेला हा माणूस होता.

जखमी होऊन कुणीही पोहोचू शकणार नाही अशा चिखलात पडलेल्या पक्ष्यांनी आपल्याला अस्वस्थ केलं, असं स्कॉट यांनी पुढे सांगितलं आहे. कथा सांगणारे आयुष्याचं वळण इथे ठेवतात. तारखा मात्र त्यांना साथ देत नाहीत. त्या अस्वस्थतेनंतरही बरीच वर्षं स्कॉट यांच्या हातात बंदूक होती. शिवाय वॉशच्या चिखलात तडफडणारे पक्षी पाहिलेले शिकारी काही थोडे नव्हते. त्यांतल्या कित्येकांना वाईटही वाटलं असेल. वाईट वाटून घरी जाणाऱ्या त्या सगळ्यांमध्ये आणि स्कॉट यांच्यात फरक एवढाच, की हे दीपगृहात परतल्यावर त्याच पक्ष्याचा पंख काढायला बसत. मान किती वाकते, वाऱ्याविरुद्ध उतरताना पाय कधी खाली येतात, ढगाळ पहाटेला पोटाखालचा पांढरा रंग खरोखर पांढरा दिसतो का, हे प्रश्न बंदूक विचारत नाही. नेम लागण्यापुरतं पाहिलं की तिचं काम होतं. चित्राला तेवढ्यानं भागत नाही, आणि ज्याला भागत नाही तो पुन्हा पाहायला जातो.

या डोळ्याचा पुरावा पक्ष्यांच्या बाहेरही सापडतो. दुसऱ्या महायुद्धात स्कॉट ब्रिटिश नौदलात होते. १९४० साली ‘ब्रोक’ या विनाशिकेवर असताना त्यांनी जहाज पांढऱ्या, फिकट निळ्या आणि फिकट हिरव्या रंगांत रंगवण्याची कल्पना मांडली. रात्री लपायचं तर काळा रंग लावावा, असं कुणालाही वाटेल. पण उत्तर अटलांटिकवरची रात्र क्वचितच काळी असते. क्षितिजावर आभाळ उजळ राहतं आणि गडद जहाज त्यावर उठून दिसतं. पहाटेची आणि तिन्हीसांजेची आभाळं वर्षानुवर्षं रंगवलेल्या माणसाला हे ठाऊक होतं. नौदलानं ही पद्धत पुढे इतर जहाजांसाठीही स्वीकारली.

युद्ध संपल्यावर, डिसेंबर १९४५ मध्ये, सेव्हर्न नदीच्या काठी स्लिमब्रिज इथे ते पांढऱ्या कपाळाच्या कलहंसांचे थवे पाहायला गेले. त्या गर्दीत त्यांना त्याच्याच धाकट्या, दुर्मीळ जातभाईचा शोध होता. डोळ्याभोवतीच्या पिवळ्या कड्यावरून तो ओळखायचा, आणि तो त्यांना सापडला. पुढच्या वर्षी तिथेच त्यांनी पाणपक्ष्यांसाठी संस्था काढली. आज ती वाइल्डफाउल अँड वेटलँड्स ट्रस्ट म्हणून ओळखली जाते. तिचं सर्वांत मोलाचं काम सुरू झालं १९६४ च्या हिवाळ्यात. रशियाच्या आर्क्टिक टुंड्रात वीण करणारे बेविक हंस स्कॉट यांच्या चित्रशाळेच्या मोठ्या खिडकीसमोरच्या तळ्यावर उतरू लागले. या हंसांची चोच काळी आणि पिवळी असते. रोज समोर बसून काढताना स्कॉट यांच्या ध्यानात आलं की काळ्या-पिवळ्याची ती नक्षी प्रत्येक हंसाची वेगळी आहे. कुणाच्या कपाळापर्यंत पिवळा चढलेला, कुणाच्या मध्ये काळी पट्टी, कुणाला नाकपुडीजवळ एखादाच ठिपका. त्यांनी एकेका हंसाची चोच समोरून आणि बाजूनं काढली, त्याला नाव दिलं, आणि पुढच्या हिवाळ्यात तोच हंस परतला की वही उघडून त्याची नोंद केली. घरच्यांनी आणि सहकाऱ्यांनी हे काम उचललं, आणि स्कॉट गेल्यानंतरही ते चालू राहिलं. हजारो हंसांच्या चोचींचा तो संग्रह आहे.

पक्ष्याला न पकडता, पायात कडी न घालता, केवळ चेहऱ्यावरून त्याचं अख्खं आयुष्य मांडता येतं, हे या रेखाटनांनी दाखवलं. जोड्या वर्षानुवर्षं टिकतात आणि मोडतात अगदी क्वचित. पिल्लं पहिल्या हिवाळ्यात आईबापांसोबतच येतात. अमुक हंस कितव्या वर्षी परतायचा थांबला, हेही कळू लागलं. ‘थवा’ नाहीसा होऊन त्या जागी कुटुंबं दिसू लागली. पुढे हंसांची क्ष-किरण तपासणी केली तेव्हा, कायद्यानं संरक्षण असूनही, अनेकांच्या अंगात शिशाचे छर्रे रुतलेले आढळले. हंस ओळखीचे झाले होते, म्हणून ती नुसती आकडेवारी राहिली नाही. माझ्या मते स्कॉट यांच्या आयुष्याचं खरं वळण या खिडकीत आहे. ते एका क्षणात आलेलं नाही. तीसेक वर्षांच्या रेखाटनातून साचत आलेलं आहे.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. हे सगळं कॅमेऱ्यानं होतं, आणि अधिक अचूक होतं. मोजणीपुरतं मला ते मान्य आहे. नागरहोळेच्या जंगलात उल्हास कारंत यांनी १९९० च्या दशकात स्वयंचलित कॅमेरे लावून पट्ट्यांवरून वाघ ओळखले आणि व्याघ्रगणनेला शास्त्रीय पाया दिला. ते काम पेन्सिलीनं झालं नसतं. प्रश्न पाहणाऱ्याचा आहे. छायाचित्र सगळंच टिपतं, म्हणून काय पाहायचं याचा निर्णय पुढे ढकलता येतो, आणि बहुतेक वेळा तो घेतलाच जात नाही. रेघ ओढणाऱ्याला तो त्याच क्षणी घ्यावा लागतो. पक्षी ओळखण्याच्या उत्तम पुस्तकांत आजही छायाचित्रांपेक्षा चित्रं वापरली जातात ती याच कारणानं. छायाचित्र एका पक्ष्याचं, एका उजेडातलं असतं. चित्रकार त्यातून त्या जातीची खूण वेगळी काढून दाखवतो. भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांवरच्या ग्रिमेट आणि इन्स्किप दांपत्याच्या १९९८ च्या ग्रंथातली काही चित्रं गोव्याच्या कार्ल डिसिल्व्हा यांची आहेत. त्या ग्रंथावरून पक्षी ओळखायला शिकलेले कितीतरी जण त्यांच्याच डोळ्यांनी पाहत आले आहेत, नाव ठाऊक नसताना.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. रेखाटणारा हातही फसतो, आणि स्कॉट यांचा फसला. १९७५ साली ‘नेचर’ या नियतकालिकात त्यांनी रॉबर्ट राइन्स यांच्यासोबत स्कॉटलंडच्या लॉक नेस सरोवरातल्या तथाकथित राक्षसी प्राण्याला शास्त्रीय नाव दिलं आणि त्याचं चित्रही काढलं. असा प्राणी तिथे असल्याचा पुरावा कधीच मिळाला नाही, आणि त्यांच्या कीर्तीला यानं धक्का बसला. हे झाकण्यात अर्थ नाही. पण ते चित्र कशावरून काढलं होतं, हे पाहायला हवं. पाण्याखालच्या गढूळ, संस्कारित छायाचित्रांवरून. समोर प्राणी नव्हता, पुन्हा जाऊन पाहण्याची सोय नव्हती, कालची रेघ आज खोडण्याचा प्रसंग येत नव्हता. स्लिमब्रिजच्या खिडकीत हंस स्वतःच चित्रकाराची चूक दाखवत होता. लॉक नेसमध्ये चूक दाखवणारं कुणी नव्हतं. ही सवय जिवंत प्राण्यासमोरच काम करते, अशी तिची मर्यादा या प्रकरणातून कळते.

आणखी एक गोष्ट विचारली जाते, आणि ती विचारलीच पाहिजे. एकेका पक्ष्यावर जीव जडवून जाती वाचतात का? हवाईचा नेने हा कलहंस १९५० च्या सुमारास रानात जेमतेम तीसेक उरला होता. स्लिमब्रिजला दोन पक्षी आणले ते जोडी समजून; दोघींनीही अंडी घातली तेव्हा दोन्ही माद्या असल्याचं उमगलं आणि हवाईहून घाईनं नर मागवावा लागला. नरमादी सारखेच दिसतात, तिथे स्कॉट यांचा डोळाही कामी आला नाही. पुढे प्रजनन यशस्वी झालं आणि १९६२ पासून नेने हवाईला परत पाठवले गेले. पण उसाच्या मळ्यांतले उंदीर मारायला एकोणिसाव्या शतकात तिथे नेऊन सोडलेलं मुंगूस, आपल्याकडचंच, त्यांची अंडी आणि पिल्लं खात राहिलं. केवळ पैदास करून भागलं नाही. बेविक हंसांचंही तसंच. वायव्य युरोपात हिवाळा काढणारे हे हंस १९९५ मध्ये सुमारे २९ हजार होते, २०१० पर्यंत १८ हजारांच्या आसपास आले. त्यांच्या चोचींच्या वह्यांनी ही घसरण थांबवली नाही. पाणथळ जागा, शिकारीचे कायदे, हवामान यांचा निकाल इतरत्र लागतो आणि त्यासाठी संस्था लागतात. स्कॉट यांनी त्याही उभारल्या. धोक्यातल्या जातींची नोंद करणारी ‘रेड डेटा बुक’ त्यांच्याच पुढाकारानं आकाराला आली. माझा दावा मर्यादित आहे. संस्थांना कागदावरच्या आकड्यामागे एक जीव दिसत राहावा, यासाठी लागणारी माणसं अशा पाहण्यातून तयार होतात.

मराठी वाचकाला इथे व्यंकटेश माडगूळकर आठवतील. तेही शिकारी, तेही रेखाटणारे. ‘सत्तांतर’मध्ये वानरांची टोळी ही टोळी न राहता एकेक वानर वेगळं उभं राहतं, यामागे तोच सराव आहे असं मी मानतो. ही परंपरा आपण पुढे नेलेली नाही. नांदूर मधमेश्वर, लोणार आणि ठाण्याची खाडी या महाराष्ट्रातल्या पाणथळ जागांना २०२० ते २०२२ या काळात आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांचा रामसर दर्जा मिळाला. तिथे मुलांच्या सहली नेल्या जातात तेव्हा भर असतो तो किती जाती पाहिल्या यावर आणि फोटोवर. एका सकाळी एकच पक्षी पाहू द्यावा, अर्धा तास, वही-पेन्सिल घेऊन, असं मला सुचवायचं आहे. सगळ्यांना चित्र कुठे काढता येतं, असं शिक्षक म्हणतील. हंसांच्या त्या नोंदी सुंदर असण्याची गरजच नव्हती: डोक्याची बाह्यरेषा आणि चोचीवर काळं कुठे, पिवळं कुठे, एवढंच. चित्रकार नसलेल्यांनाही ते जमलं. पाणथळ जागा लांब असेल तर शाळेच्या आवारातल्या साळुंक्या आहेत. एखादीचं डोक्यावरचं पीस गळालेलं असतं, एखादी लंगडते. त्यांतल्या दोन वेगळ्या ओळखता येईपर्यंत मुलांना काढत राहू द्यावं.