कुत्र्याला मारू नका, लस टोचा

आमच्या घरी मोत्या नावाचा कुत्रा आहे. तो माझ्याहून दोन वर्षांनी लहान आहे. तो आबांचा सोबती आहे. आबा रात्री मळ्यात राखणीला जातात तेव्हा मोत्या पुढे चालतो. एकदा वाटेत साप आला. मोत्या भुंकला आणि आबा जागीच थांबले. म्हणून आबा चतकोर भाकरी आधी त्याला टाकतात आणि मग जेवतात.

पावसाळ्यात गल्लीतल्या एका लहान पोराला कुत्रा चावला. कोणता ते कुणी नीट पाहिलं नाही. तरी लोक काठ्या घेऊन आमच्या दारात आले. म्हणाले, "याला मारा, नाहीतर लांब सोडून या." आई म्हणाली, "तो सकाळपासून साखळीला आहे." पण कुणी ऐकेना. मला रडू आलं. तिकडे पोराच्या जखमेला कुणी मिरचीपूड लावत होतं. तेवढ्यात गुरुजी आले. त्यांनी साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं जखम धुवायला लावली आणि पोराला सरकारी दवाखान्यात पाठवलं. तिथे लस दिली. आता तो आमच्यात खेळतो.

गुरुजींनी सांगितलं, १८८५ साली फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी जोसेफ मायस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला ही लस दिली आणि तो वाचला. आबा म्हणतात, पूर्वी पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत. आता दंडात देतात. पण एकदा रोग झाला की माणूस वाचत नाही, म्हणून उशीर करू नये.

माझे मत असे आहे, की एक कुत्रा मारला तर दुसरा येतो. रोग काही जात नाही. लस टोचली तर कुत्रा वाचतो आणि आपणही वाचतो. काही जण म्हणतात, कुत्र्यासाठी कोण खर्च करील? पण गाई-बैलांना आपण लाळ-खुरकताची लस टोचतोच ना? मग रात्रभर राखण करणाऱ्याला का नको? मोत्याला आबा दर वर्षी गुरांच्या दवाखान्यात नेतात.

मित्रांनो, मीसुद्धा आधी कुत्र्यांना खडे मारायचो. आता मारत नाही. कुत्रा खात असेल किंवा पिल्लांजवळ असेल तर त्याला छेडू नका. भ्यालेला कुत्राच जास्त चावतो.

इथे आलेल्या पालकांना माझी विनंती आहे, की आपल्या कुत्र्याला लस टोचून आणा. काही चुकले असेल तर माफ करा.

– इयत्ता चौथी