वणवा लागू नये, हे काम नेमकं कोणाचं?

हसनाबाद (ता. भोकरदन) : गहू-हरभरा निघाला, मक्याच्या चाऱ्याच्या गंज्या लागल्या, पऱ्हाटी उपटून बांधाला पडली. आता पहिला पाऊस येईपर्यंत शिवारात एकच धास्ती, ती आगीची. वनखात्याच्या हिशोबात राज्यात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरतात. या चार महिन्यांतच डोंगरावरचं गवत, गायरान, रस्त्याकडेची झाडं आणि कधी वर्षभराचा चारा जातो. आग लागली की सगळं गाव पळतं. पण आग लागूच नये म्हणून आधी कोण पळतो? त्याला पगार कोण देतो? आणि नाही पळाला तर जाब कोणाला विचारायचा? या तीन प्रश्नांची सरळ उत्तरं आपल्या भागात मिळत नाहीत. म्हणून हा विषय.

पैसा अजिबात नाही असं नाही

केंद्र सरकारची जंगलातील आग प्रतिबंध आणि व्यवस्थापन अशी वेगळी योजना आहे. २०१७ पासून ती या नावानं चालते. आपल्या राज्याला त्यात खर्चाचे ६० टक्के केंद्र देतं, ४० टक्के राज्यानं घालायचे. जाळरेषा काढणं, फायर वॉचर नेमणं, ब्लोअर घेणं, लोकांना समजावणं, ही कामं त्यातून होतात. जाळरेषा म्हणजे आग पुढं सरकू नये म्हणून हंगामाआधी गवत-पाला साफ करून मोकळा ठेवलेला पट्टा.

पण रक्कम बघा. सगळ्या देशासाठी वर्षाला ५० कोटींच्या आसपास, काही वर्षी त्याहूनही कमी. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालानुसार देशातलं एक तृतीयांशाहून जास्त जंगल वारंवार आग लागू शकेल असं आहे. एवढ्या जंगलाला हा पैसा म्हणजे दर्या में खसखस.

दुसरा पैसा कॅम्पाचा. धरण, रस्ता, खाण यासाठी जंगलाची जमीन घेतली की घेणाऱ्यानं भरपाई भरायची, तो हा निधी. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्रानं यातले ३,८४४ कोटी रुपये महाराष्ट्राला दिले. या पैशातून आग प्रतिबंधाची कामं करायला नियमानं मुभा आहे.

तिसरा, नवा पैसा आपत्ती निधीतला. केंद्रानं १९ राज्यांतल्या १४४ जिल्ह्यांसाठी जंगल आगीचा धोका कमी करण्याची ८१८ कोटी ९२ लाखांची योजना मंजूर केली. त्या १९ राज्यांत महाराष्ट्र आहे. ही चांगली सुरुवात म्हणायला हरकत नाही. पण असा पैसा जिथं जंगल जास्त तिथं आधी जातो, आणि ते बरोबरच आहे. जालना जिल्ह्यात जंगल जेमतेम एक टक्का. रांगेत आपला नंबर कुठं लागणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

आगीनंतर ८०, आगीआधी २०

आपल्याकडं सरकारी पैसा नुकसान झाल्यावर पटकन हलतो, आधी हलत नाही. पंधराव्या वित्त आयोगानं राज्यांच्या आपत्ती निधीची वाटणी केली ती अशी : १०० रुपयांतले ८० आपत्ती आल्यावरच्या मदतीला आणि २० आपत्तीचा धोका आधीच कमी करायला. त्याआधी तर आधीच्या कामाला असा वेगळा हिस्साच नव्हता, म्हणून हे २० रुपयेसुद्धा पुढचं पाऊल आहे. तरी प्रमाण लक्षात ठेवा.

पैसा मंजूर होणं वेगळं आणि वेळेवर हातात पडणं वेगळं. उत्तराखंडचं उदाहरण घ्या. २०२४ च्या उन्हाळ्यात तिथले डोंगर पेटले. मे महिन्यात प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा न्यायालयानं विचारलं, गरज १० कोटींची असताना ३ कोटी १५ लाखच का दिले? आणि जंगल जळत असताना वनखात्याची माणसं निवडणुकीच्या ड्युटीवर कशी? म्हणजे पैसाही अपुरा आणि माणूसही जागेवर नाही. यातली निवडणूक ड्युटी आपल्याला नवी नाही. तलाठी असो की गुरुजी, गावानं ती कायम बघितलीय.

माणूस जागेवर असला तरी त्याच्या हातात काय आहे, हाही प्रश्न आहेच. ८ एप्रिल २०२१ ला गोंदिया जिल्ह्यातल्या नागझिरा अभयारण्यात आग विझवताना तीन वनमजूर होरपळून गेले. व्याघ्र प्रकल्पाचं जंगल, सगळ्या राज्याचं लक्ष असलेलं. तिथं ही गत, तर आपल्या माळावर झाडाची ओली फांदी घेऊन आग बडवणाऱ्या पोराची काय कथा?

गावात वाली कोण?

आता आपल्या शिवारात या. आग वनखात्याच्या हद्दीत लागली तर वनरक्षक, त्याच्यावर वनपाल, त्याच्यावर वनपरिक्षेत्र अधिकारी. कागदावर साखळी स्पष्ट आहे. पण तीच आग गायरानात असेल तर? रस्त्याच्या कडेला असेल तर? बांधावरून शेजाऱ्याच्या गंजीत गेली तर? आगीला हद्द कळत नाही, खात्यांना मात्र फक्त हद्दच कळते.

राज्यघटनेत एक गोष्ट आहे, ती बहुतेकांना माहीत नसते. शहरांकडं द्यायच्या कामांची यादी बाराव्या परिशिष्टात आहे, त्यात अग्निशमन सेवा आहे. पंचायतींकडं द्यायच्या २९ विषयांची यादी अकराव्या परिशिष्टात आहे. त्यात सामाजिक वनीकरण आहे, चारा आहे, पाणी आहे. आग विझवणं नाही. म्हणून बंब नगरपालिकेचा असतो आणि गावाला तो फोन करून बोलवावा लागतो. बंब निघून, खडबडीत रस्त्यानं येऊन पोहोचेपर्यंत कडब्याच्या गंजीची राख झालेली असते. यात बंबावरच्या माणसांचा दोष नाही. व्यवस्थाच तशी आखलेली आहे.

डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहावरून आग हेरते आणि नोंदणी केलेल्यांच्या मोबाईलवर मेसेज पाठवते. काम चांगलं आहे. पण ही यंत्रणा जंगलासाठी बनलेली आहे, त्यात उपग्रह दिवसातून ठराविक वेळाच वरून जातो. बांधाची आग वाऱ्यानं गायरानात शिरायला पाव तास पुरतो. आपल्याकडं पहिला मेसेज गुराख्याच्या फोनवरूनच येणार. तो फोन कोणाला लावायचा, हे ठरलेलं पाहिजे.

कायद्यानं आपल्यावरही जबाबदारी टाकलीय, हे विसरू नका. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात राखीव जंगलात आग लावणं गुन्हा आहेच. पण कलम ७९ पुढं जातं. जंगलात चराईचा किंवा वनोपजाचा हक्क ज्याला आहे त्यानं, आणि जंगलाला लागून असलेल्या गावात सरकारचा पगार-मानधन घेणाऱ्यानं, आग दिसली की कळवायचं आणि विझवायला हात लावायचा. म्हणजे पोलीस पाटील, कोतवाल यांच्यासारखी माणसं आली. कायदा जवळपास १०० वर्षं जुना. पण त्यासाठी त्यांना कधी प्रशिक्षण, कधी ब्लोअर, कधी विमा? जबाबदारी दिली, साधन दिलं नाही.

लावायला निधी, राखायला कोण?

राज्यात १ जुलै २०१६ ला २ कोटी झाडांपासून मोहीम सुरू झाली. २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी आणि २०१९ ला ३३ कोटींचं उद्दिष्ट. पुढं या लागवडीच्या चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमायची वेळ आली. कोण खरं, कोण खोटं यात आज जायचं नाही. पण शेतकऱ्याला एक साधी गोष्ट कळते : रोप लावायला एक दिवस लागतो, राखायला निदान तीन उन्हाळे लागतात. एका उन्हाळ्यात कोणी रस्त्याकडंचं वाळलं गवत पेटवलं की तीन वर्षांची रोपं अर्ध्या तासात जातात. लावण्याचा फोटो निघतो, राखण्याचा निघत नाही.

कोणी म्हणेल, जिल्ह्यात जंगलच नाही तर खर्च कशाला? उलट आहे. ज्याच्या घरात दोनच पोती ज्वारी, त्यानं उंदरांवर जास्त लक्ष ठेवायचं असतं. उत्तरेला अजिंठ्याची डोंगररांग आहे, तेवढीच आपली हिरवळ. तिथलं गवत जळालं की पहिल्या पावसात माती धुऊन खाली येते, नाले-बंधारे गाळानं भरतात आणि फेब्रुवारीतच विहिरीचा तळ दिसतो. आग डोंगरावर, पण फटका खालच्या शिवाराला.

पोर्तुगालनं काय केलं?

युरोपात पोर्तुगाल नावाचा लहान देश आहे. २०१७ साली तिथं वणव्यांत १०० हून जास्त माणसं गेली. त्यानंतर सरकारनं फक्त वणव्याच्या कामासाठी एक संस्था उभी केली, थेट पंतप्रधानांच्या अखत्यारीत. वन, शेती, पोलीस, अग्निशमन या सगळ्यांना एका माळेत ओवायचं काम तिच्याकडं. आधी वणव्यावरच्या खर्चातला साधारण पाचवा हिस्सा प्रतिबंधावर जायचा, तो काही वर्षांत निम्म्याच्या जवळ आला. तिथं आगी थांबल्या असं नाही, आजही लागतात. पण जाब कोणाला विचारायचा, हे तिथल्या लोकांना माहीत आहे.

मग आपण काय मागायचं?

नवं खातं, नवं पद, नवी गाडी मागायची गरज नाही. मागणी छोटी आणि लेखी पाहिजे.

पहिली : तालुक्यात वणव्यासाठी एक जबाबदार अधिकारी, नावासह. हद्द वनाची असो, गायरानाची असो की रस्त्याची, पहिला फोन त्यालाच. जिल्हाधिकारी हे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष असतात, असा आदेश त्यांच्याकडून निघू शकतो.

दुसरी : डोंगराकडेच्या प्रत्येक गावात चार महिन्यांसाठी दोन पोरं फायर वॉचर म्हणून, रोजंदारी आणि विम्यासह. मजुरी महिन्याच्या महिन्याला मिळाली पाहिजे. पावसाळा संपल्यावर मिळालेल्या मजुरीवर पुढच्या वर्षी कोणी येत नाही.

तिसरी : जाळरेषा फेब्रुवारीच्या आत. एप्रिलमध्ये काढलेली जाळरेषा म्हणजे बैल गेल्यावर झोपा केला.

चौथी आपल्याच हातातली. १ मे च्या ग्रामसभेत ग्रामपंचायत विकास आराखड्यात आगीचा विषय घालून घ्या. गायरानाभोवती पट्टा साफ करणं, टँकरला पंप जोडून ठेवणं, गंज्या घरांपासून आणि विजेच्या तारांपासून लांब लावणं, बांध पेटवायचाच असेल तर वारा नसताना, शेजाऱ्याला सांगून, पाण्याची व्यवस्था ठेवून. पेटवला की नवं गवत चांगलं येतं, असं जुनी माणसं सांगतात. कोंब लवकर दिसतो हे खरं, पण उघड्या पडलेल्या जमिनीवरची माती पहिल्याच पावसात जाते, ती परत येत नाही.

वनखात्याचा १९२६ हा टोल फ्री नंबर आणि बंबासाठी १०१, हे दोन्ही आजच मोबाईलमध्ये सेव्ह करा. आणि ग्रामसभेत सरपंच-ग्रामसेवकांना एवढंच विचारा : यंदा आपल्या शिवारात आग लागू नये म्हणून किती रुपये ठेवलेत आणि ते कोणाच्या हातात आहेत? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. तोंडी उत्तर वाऱ्यावर जातं, आणि या दिवसांत वारा फार आहे.