कसरीच्या भोकाची झेरॉक्स

ऑनलाइन लिलावात घेतलेली वस्तू वर्णनाप्रमाणे निघाली नाही, की आपल्यातले बहुतेक जण चार दिवस चडफडतात, ग्रुपवर एक रडका इमोजी टाकतात आणि ‘जाऊ दे, लिलावच होता ना’ म्हणून गप्प बसतात. या ‘लिलावच होता ना’वर माझा आक्षेप आहे. दुकानातून घेतलेला मिक्सर चालला नाही तर हीच मंडळी बिल घेऊन तावातावाने जातात. मग लिलाव म्हटला की आपला हक्क कुठे जातो?

मला वाटतं, याचं मूळ आपल्या जुन्या सवयीत आहे. गोव्यात लिलाव काही नवा नाही. ‘लिलाव’ हा शब्दच मुळी पोर्तुगिजांकडून आपल्याकडे आला. देवळात पावणी होते, मानशीतल्या मासळीचा हक्क बोलीवर जातो. पण पावणीत केळ्यांचा घड समोर लटकलेला असतो. मानशीवर बोली लावणाऱ्याला ती मानस लहानपणापासून ठाऊक असते, तिथे पाणी किती आणि मासळी किती हे त्याला विचारावं लागत नाही. वस्तू डोळ्यांनी बघितली, बोली लावली, आता तक्रार कसली, हा न्याय तिथे शोभतो. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातही आपण बांगड्याचा कल्ला उचलून बघतोच की. ऑनलाइन लिलावात मात्र कल्ला उचलता येत नाही. तिथे असतात दोन फोटो आणि पाच ओळी. त्या पाच ओळी वाचूनच माणूस बोली लावतो, म्हणजे विकत घेताना त्याच्या हातात जे काही असतं ते तेवढंच.

हे सुचायला कारण आमच्या मंडळाचा यंदाचा अनुभव. फादर थॉमस स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’वर आम्ही छोटं प्रदर्शन करणार होतो. १६१६ साली रायतूरला छापलेल्या पहिल्या आवृत्तीची, किंवा १६४९ आणि १६५४च्या पुढच्या दोन आवृत्त्यांची, एकही प्रत आज कुठे असल्याचं माहीत नाही. त्यामुळे १९०७ साली मंगळूरहून निघालेली रोमन लिपीतली आवृत्ती मिळाली तर काचेच्या पेटीत ठेवता येईल, असा विचार होता. एका लिलावाच्या साइटवर ती दिसली. वर्णन इंग्रजीत: ओरिजिनल १९०७ एडिशन, रेअर, अँटिक, गुड कंडिशन. १८ जणांनी प्रत्येकी २०० रुपये काढले. बोली ३,६०० वर थांबली, टपालखर्च १८०. एकूण ३,७८०. ऑर्डर खजिनदाराच्या नावावर.

पार्सल उघडलं तेव्हा पुठ्ठ्याचं कव्हर कोरं करकरीत. कागद पांढराशुभ्र. आत कुठल्याशा ग्रंथालयाचा शिक्का होता, पण तो शाईचा नव्हता, करड्या रंगात छापलेला होता. खरी गंमत पान ४० च्या आसपास. तिथे एक काळा ठिपका होता, पुढच्या पानावर त्याच जागी तसाच, त्याच्या पुढच्या पानावरही. निरखून बघितल्यावर कळलं की तो ठिपका म्हणजे मूळ प्रतीला कसरीने पाडलेलं भोक. आमच्या हातात त्या भोकाची झेरॉक्स होती! कुणीतरी जुनं पुस्तक स्कॅन करून छापलं, बांधलं आणि आम्हाला ‘ओरिजिनल’ म्हणून विकलं.

विक्रेत्याचं पहिलं उत्तर साहित्याच्या विद्यार्थ्यांनी फ्रेम करून लावावं असं होतं: ‘मजकूर तोच आहे ना?’ खरं सांगू, पाच मिनिटं आम्हीच त्यात अडकलो. काव्य म्हणजे मजकूर की कागद, यावर आमच्यात तावातावाने चर्चा झाली. पण मजकूरच हवा असता तर शांताराम बंडेलूंची १९५६ची देवनागरी आवृत्ती आमच्या मॅडमच्या कपाटात आहे. आम्ही पैसे दिले होते ते १९०७च्या कागदाला.

दुसरं उत्तर नेहमीचं: लिलावातल्या वस्तू परत घेतल्या जात नाहीत, तशी ओळ खाली लिहिली होती. ही ओळ वाचली की भले भले गार पडतात. पण ती ओळ कशाला लागू होते, हे कुणी बघत नाही. रंग आवडला नाही, घेतल्यावर मन बदललं, पान थोडं जास्तच फाटकं वाटलं, तर ती ओळ आडवी येते आणि यावी. सांगितली ती वस्तूच नाही, तर प्रश्न वेगळा होतो. आपल्याकडचा १९३० चा माल विक्री कायदा त्याच्या १५व्या कलमात म्हणतो की वर्णनावरून विक्री झाली तर माल वर्णनाशी जुळला पाहिजे, ही अट करारात गृहीतच असते. त्याच कायद्याचं ६४वं कलम लिलावाबद्दल आहे. त्यात बोली कधी पक्की होते, विक्रेत्याला स्वतः बोली लावता येते का, अशा गोष्टी आहेत. लिलावात वर्णन खोटं चालेल, असं त्यात कुठेही नाही.

इथे आपलं शिक्षण कामाला येतं, असं मी म्हणेन. आपण तीन वर्षं कवितेतला एकेक शब्द चिमटीत धरून बघायला शिकतो, तेच इथे करायचं. ‘रेअर’ हे विक्रेत्याचं मत आहे, त्यावरून भांडू नका. ‘अँटिक’ ढगळ शब्द आहे, ‘गुड कंडिशन’सुद्धा. पण ‘ओरिजिनल १९०७ एडिशन’ हे विधान आहे. ते एकतर खरं असतं किंवा खोटं. आमच्या तक्रारीत आम्ही बाकी सगळं सोडून फक्त या तीन शब्दांवर बोट ठेवलं. सोबत वर्णनाचा स्क्रीनशॉट जोडला, जो बोली संपायच्या आधीच घेतलेला होता, आणि त्या काळ्या ठिपक्याचे तीन फोटो.

मग आली तडजोड. विक्रेता म्हणाला, पुस्तक ठेवा, ८०० रुपये परत देतो. आमच्यात फूट पडली ती इथे. ‘घ्या ना, नाहीतर तेही जातील’ असं निम्मे म्हणत होते. एकाच्या मावशीने तर ‘क्षमा करा, आपण ख्रिस्ती माणसं’ असाही सल्ला पाठवला. क्षमा करायला माझी ना नाही. पण शुभवर्तमानातला जक्कय लुबाडलेलं चौपट परत करतो, आम्ही तर एकपटच मागत होतो. ८०० घेणं मला पटलं नाही, त्याचं कारण तत्त्वाचं कमी आणि हिशेबाचं जास्त आहे. अशा पुनर्मुद्रणाची किंमत फार तर ६०० - ७०० रुपये. ८०० परत देऊनही त्याच्याकडे जवळजवळ तीन हजार उरतात. इतक्या फायद्यात कोण कशाला वर्णन सुधारेल? शिवाय ‘समाधानाने घेतले’ असं एकदा लिहून दिलं की पुढे मागायला तोंड राहत नाही.

साइटने आधी ‘विक्रेत्याशी बोला’ म्हणून तक्रार बंद केली. हे बंद होणं शेवट नसतं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे अशा कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याच्या आत निकाल लावायचा. जाहिरातीप्रमाणे माल नसेल तर विक्रेत्याला परत घ्यायला नकार देता येत नाही, हेही त्याच नियमांत आहे. आम्ही त्या अधिकाऱ्याला मेल केला, आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून तो क्रमांकही कळवला. फोनवर एक शब्द बोललो नाही, सगळं लेखी. २३व्या दिवशी ३,७८० रुपये खजिनदाराच्या खात्यात आले. पुस्तक परत पाठवायचे २१० मात्र आमच्याच खिशातून गेले, ते मागणं अजून चालू आहे.

नसते आले तर? तर जिल्हा ग्राहक आयोग होता. २०१९ च्या कायद्याने आपण राहतो तिथल्या आयोगात तक्रार करता येते, विक्रेता दिल्लीचा असो की कोलकात्याचा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षं. ‘३,७८० साठी कोर्ट?’ असं हसणाऱ्यांना मी विचारते, मग किती रुपयांपासून खोटं बोलणं गंभीर होतं, तो आकडा सांगा.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. कुणी स्वतःच्या घरातली एखादी जुनी वस्तू, धंदा म्हणून नव्हे तर अडगळ काढायची म्हणून विकत असेल, तर ते ई-कॉमर्सचे नियम त्याला लागू होत नाहीत. आणि तसं असायलाही हवं. आजोबांच्या ट्रंकेतलं पुस्तक विकणाऱ्या मुलाला ते पुनर्मुद्रण आहे हे ठाऊक नसू शकतं. तिथे आवाज न चढवता बोलावं, बहुतेकदा माणूस ऐकतो. आमच्या विक्रेत्याच्या पानावर तेव्हा दोनशेहून जास्त पुस्तकं होती आणि सगळीच ‘ओरिजिनल’.

परवा ग्रुपवर कुणीतरी लिंक टाकली. तेच पुस्तक, तोच फोटो, ओरिजिनल १९०७ एडिशन, चार बोली पडल्या आहेत. ‘चुकीचं वर्णन’ कळवायचं बटण फोटोच्या खाली उजवीकडे आहे. आमच्यापैकी ११ जणांनी दाबलंय. लिलाव रविवारी रात्री संपतोय.