अनामिक परीक्षकाचे ऋण

गुरुत्वीय तरंग अस्तित्वातच नसतात, असे प्रतिपादणारा निबंध १९३६ साली आइन्स्टाइन यांनी नेथन रोझेन यांच्यासह ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे धाडला, तेव्हा संपादक जॉन टेट यांनी लेखकाच्या कीर्तीने दिपून न जाता तो एका अनामिक तज्ज्ञाकडे परीक्षणार्थ सोपविला आणि त्याचे १० पृष्ठांचे आक्षेप लेखकाकडे रवाना केले. मुद्रणापूर्वी हस्तलिखित त्रयस्थास दाखविण्याचा अखत्यार आपण दिलाच नव्हता, असे खरमरीत उत्तर देऊन आइन्स्टाइन यांनी निबंध परत घेतला. परंतु तोच परीक्षक, हॉवर्ड रॉबर्टसन, पुढे प्रिन्स्टन येथे आपली भूमिका प्रकट न करता त्यांच्या सहायकाशी बोलला, प्रमाद ध्यानी आला, आणि १९३७ साली निबंध अन्यत्र प्रसिद्ध झाला तो निष्कर्ष पालटूनच. असले परीक्षण बहुधा विनामोबदला, नावाचा उल्लेखही न होता चालते. म्हणून छापील निबंधांची मोजदाद करून बढत्या देणाऱ्या आपल्या विद्यापीठांनी परक्याच्या हस्तलिखितावर विद्वानाने वेचलेल्या रात्रींचीही दप्तरी रीतसर नोंद घ्यावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.